कळीचा चुना घरी विझवून सफेदी कशी तयार करावी

खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी भिंतींना आणि स्लॅबला चुना देण्याची जुनी पद्धत आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, म्हणून जळगाव-भुसावळच्या उन्हात तिचा उपयोग खरा आहे. मात्र चुना नीट विझवला नाही, तर सफेदी हाताला लागते आणि पहिल्या पावसात धुऊन जाते.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि १०० किलो शुद्ध चुनखडीमागे ५६ किलो कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड उरतो. पाण्याशी संयोग होताच त्याचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनते, यालाच चुना विझणे म्हणतात, आणि त्या वेळी एवढी उष्णता सुटते की पाणी उकळू लागते.

खरेदी करताना घट्ट, हलके खडे निवडावेत. भुकटी झालेली कळी हवेतला ओलावा आधीच प्यालेली असल्याने पाण्यात पडल्यावर फारशी तापत नाही. विझवण्यासाठी लोखंडी टिपाड घ्यावे. प्लास्टिकची बादली उष्णतेने वितळू शकते, आणि अॅल्युमिनियमच्या भांड्याला चुना खातो. एक किलो कळीला सुमारे पाच लिटर पाणी घ्यावे. उन्हात तापलेल्या टाकीतले पाणी वापरू नये, कारण त्याने उकळी अधिक जोराने येते. सकाळचे गार पाणी बरे. आधी पाणी आणि मग त्यात थोडी थोडी कळी, हाच क्रम पाळावा, कारण कळीवर थोडेसेच पाणी ओतले तर उकळता चुना अंगावर उडतो. तो डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्मा व हातमोजे घालावेत आणि मुलांना लांब ठेवावे. तरीही डोळ्यात गेलाच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने सतत धुऊन त्वरित दवाखाना गाठावा.

लांब काठीने ढवळून मिश्रण चोवीस तास मुरू द्यावे, मग जाड्या फडक्यातून गाळावे. दहा लिटर गाळलेल्या चुन्यात सुमारे ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा. शुभ्रतेसाठी किंचित नीळ पुरते.

लावण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची. भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो, तेव्हाच तो धरतो, आणि या क्रियेला ओल लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी हात दिला, तर ती ओल काही मिनिटांत उडून जाते आणि मागे नुसती पूड राहते. म्हणून ऊन उतरल्यावर भिंत पाण्याने भिजवून पातळ हात द्यावा, आणि तो वाळल्यावरच दुसऱ्या संध्याकाळी पुढचा. नव्या भिंतीला असे तीन हात लागतात.

उरलेला चुना फेकू नये. तो झाकणाच्या भांड्यात, वर चार बोटे पाणी राहील असा ठेवल्यास महिनोन्महिने टिकतो. उन्हाळ्यात हे पाणी आटते, तेव्हा अधूनमधून भर घालावी.