स्पॅनिश शिकायची तयारी: आधी एल-ला, मग बाकीचं

क्लास संभाजीनगरला लावा नाहीतर परभणीत बसून मोबाइलवर शिका, सामान तेवढंच: वही, दोन रंगांचे पेन, फोनवर स्पॅनिश कीबोर्ड. कीबोर्ड पहिल्याच दिवशी टाका. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. त्यातल्या एनवरची नागमोडी रेघ सुटली की ‘आनो’ होतं, म्हणजे गुदद्वार. उच्चार लवकर उरकतात. एच मुका, बी आणि व्ही दोन्ही ब, आणि त, द, प, क आपल्यासारखेच.

आता मुख्य काम. नाम एकटं लिहायचंच नाही. मेसा नाही, ला मेसा (टेबल). लिब्रो नाही, एल लिब्रो (पुस्तक). एल आणि ला हे नामाच्या आधी येणारे छोटे शब्द: एल पुल्लिंगी, ला स्त्रीलिंगी. नपुंसकलिंगी नामं नाहीत. लिंग आपल्याला नवं नाही आणि घात तिथंच होतो, कारण मराठीतलंच लिंग आपण पुढं ढकलतो. आपली नदी ‘ती’, तिकडं एल रीओ, म्हणजे गोदावरीही एल. आपला पाऊस ‘तो’, तिकडं ला यूब्या. शेवटी ओ असेल तर एल, आ असेल तर ला, हे बहुतेकदा चालतं; पण ला मानो (हात), एल दीआ (दिवस), एल प्रोब्लेमा, एल मापा इथं फसतं. ला लेचे (दूध), ला साल (मीठ), एल आल्गोदोन (कापूस) यांत तर शेवटच्या अक्षरावरून काहीच कळत नाही. म्हणून एल निळ्या शाईनं, ला लाल शाईनं, शब्दाला चिकटवूनच लिहा. इथं चुकलात की विशेषणही चुकतं: ला कासा ब्लांका (पांढरं घर), लोस लिब्रोस ब्लांकोस (पांढरी पुस्तकं; लोस हे एलचं अनेकवचन). एल-ला सोडून शंभर शब्द पाठ केले, तर ते शंभर पुन्हा पाठ करावे लागतात. पुन्हा सांगते, एल-लाशिवाय नाम नको.

‘आहे’साठी दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. सोय दे लातूर म्हणजे मी लातूरची. एस्तोय एन लातूर म्हणजे आत्ता लातुरात आहे. ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हे सूत्र घोकू नका. लातूर महाराष्ट्रात कायमचंच आहे, तरी लातूर एस्ता एन महाराष्ट्र. गाव, माणूस, वस्तू कुठं आहे हे सांगायला एस्तारच.

आवडीनिवडी इंग्रजीतून शिकू नका, थेट मराठीतून शिका. मे गुस्ता एल ते, मला चहा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस, मला आंबे आवडतात. रचना तीच.

क्रियापदांचा फक्त वर्तमानकाळ, उदाहरणार्थ ‘बोलणे’ची मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते अशी रूपं: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. सेर, एस्तार, तेनेर (जवळ असणे), ईर (जाणे) अनियमित आहेत, पाठच करा. उस्तेद म्हणजे एकालाच आदरानं म्हणायचं ‘तुम्ही’, पण क्रियापद तो-तीचं. आकडे शंभरपर्यंत; तिसाच्या पुढं नुसतं ‘तीस आणि एक’ असं जोडत जायचं. नाती, रंग, महिने. भूतकाळ नंतर. वार सगळे पुल्लिंगी, तरी वहीत एल लूनेस (सोमवार), एल मार्तेस (मंगळवार) असंच लिहा.