एक सिग्नल धरून चार वर्षे : इंदुरात बायोमेडिकल इंजिनिअरिंग कसे शिकावे

माझा प्रवेश झाल्याचे कळताच रामबागेतल्या काकू म्हणाल्या होत्या, "म्हणजे अर्धा डॉक्टरच झालास की रे!" खरे सांगायचे तर माझीही समजूत तेव्हा याहून फारशी वेगळी नव्हती. ही समजूत दुसऱ्या वर्षापर्यंत टिकली की नुकसान होते, कारण विद्यार्थी शरीरशास्त्राची वही जपतो आणि सर्किटची वही कोरी ठेवतो. बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही मुख्यतः मोजमापाची विद्या आहे. जिवंत शरीरातून येणारी अतिशय क्षीण खूण तिच्याहून कितीतरी मोठ्या गोंगाटातून वेगळी काढायची आणि तसे करताना रुग्णाला अपाय होऊ द्यायचा नाही, एवढेच काम या शाखेत वेगवेगळ्या विषयांच्या नावाखाली शिकवले जाते.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला ही शाखा मोकळी असते. जीवशास्त्र नसले तरी अडत नाही, मात्र गणित कच्चे असले तर पावलोपावली अडते. इंदुरात १९५२ साली स्थापन झालेल्या श्री गोविंदराम सेक्सरिया संस्थेत, म्हणजे आपल्या जीएसआयटीएसमध्ये, या शाखेचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि मध्य प्रदेशातील प्रवेश जेईई मेनच्या गुणवत्तेवर, राज्याच्या समुपदेशनातून होतात. इंदुराजवळच्या सिमरोलला आयआयटी इंदूरमध्ये जैवविज्ञान आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा विभाग आहे आणि तिथे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालते. पदवीनंतर पुढे शिकायचे असेल तर घर न सोडताही वाट आहे, हे आधीपासून माहीत असलेले बरे.

आपल्याकडच्या मराठी मुलांची एक वेगळी अडचण असते. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुस्तके इंग्रजी, अशी तिहेरी कसरत पहिल्या वर्षी करावी लागते. संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, त्यांची भाषांतरे करत बसू नये, पण प्रत्येक संज्ञेसमोर तिचा अर्थ आपल्या भाषेत एका वाक्यात लिहावा. 'गेन' म्हणजे किती पट वाढ, 'बँडविड्थ' म्हणजे कोणत्या वारंवारितेपासून कोणत्या वारंवारितेपर्यंत, 'इम्पिडन्स' म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध. जी संज्ञा अशी एका वाक्यात उतरत नाही ती अजून समजलेली नाही असे मानून तिच्याकडे परत जावे. तोंडी परीक्षेत याचा फार उपयोग होतो, कारण पाठ केलेली व्याख्या परीक्षकाच्या दुसऱ्याच प्रश्नाला कोसळते.

आता मुख्य सूचना. पहिल्याच वर्षी एक सिग्नल निवडावा आणि पुढचा प्रत्येक विषय त्या सिग्नलला लावून पाहावा. माझा सल्ला ईसीजीचा, म्हणजे हृदयाच्या विद्युत सिग्नलच्या नोंदीचा आहे. १९२४ साली डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आइनथोव्हेन यांना ज्या कामासाठी नोबेल मिळाले ते हेच, आणि त्यांचा दोन हात व डावा पाय यांचा त्रिकोण आजही प्रत्येक वॉर्डात वापरला जातो. लीड म्हणजे या त्रिकोणाच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक. पहिली लीड आणि तिसरी लीड यांची बेरीज दुसऱ्या लीडइतकी येते, हा त्यांचा नियम म्हणजे किरचॉफचा व्होल्टेजचा नियमच आहे. तो ईसीजीच्या कागदावर मोजून पाहावा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि १० मिलिमीटर उंची म्हणजे १ मिलिव्होल्ट. दोन उंच टोकांत २० मिलिमीटर अंतर असेल तर मधला काळ ०.८ सेकंद, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. हे गणित बोटांवर यायला लागले की शरीरशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांच्यामधली भिंत हळूहळू पडते.

दुसऱ्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स आले की हाच सिग्नल ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर, उतरवावा. इथे थोडे थांबतो, कारण बहुतेकांचा उत्साह इथेच मावळतो. त्वचेवर मिळणारा ईसीजी सुमारे १ मिलिव्होल्टचा असतो, तर भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे अंगावर सहज १ व्होल्ट चढलेला असू शकतो. तो दोन्ही हातांवर सारखाच असल्याने फरक घेणारा अॅम्प्लिफायर तो गाळतो. किती गाळतो, ते सीएमआरआर (कॉमन-मोड रिजेक्शन रेशो) हा आकडा सांगतो. ६० डेसिबलचा सीएमआरआर म्हणजे हजारात एक, म्हणजे १ व्होल्टपैकी १ मिलिव्होल्ट गोंगाट उरला, ईसीजीइतकाच. १०० डेसिबल म्हणजे लाखात एक, म्हणजे १० मायक्रोव्होल्ट उरले, ईसीजीच्या शंभराव्या हिश्शाएवढे. पुस्तकात हा विषय एका सूत्रात संपतो, पण पडद्यावर पहिला आकडा म्हणजे जाडजूड पट्टा आणि दुसरा म्हणजे स्पष्ट लहर, एवढा त्यांच्यात फरक पडतो.

अशा अॅम्प्लिफायरसाठी एडी६२० ही चिप घेतली तर तिचा गेन एकाच रोधाने ठरतो : ४९.४ किलोओहमला रोधाने भागायचे आणि त्यात एक मिळवायचा. ५.४९ किलोओहम लावला की गेन १० येतो. नवखा विद्यार्थी घाईने पहिल्याच टप्प्यात गेन हजारावर नेतो आणि पडद्यावर सपाट रेघ पाहून चिप जळाली असे समजतो. चिप ठीक असते. इलेक्ट्रोड (सिग्नल घेण्यासाठी अंगावर चिकटवायची चकती) आणि त्वचा यांच्यामध्ये ३०० मिलिव्होल्टपर्यंत स्थिर विद्युतदाब तयार होऊ शकतो, त्याला हजाराने गुणले की ३०० व्होल्ट होतात आणि अॅम्प्लिफायर बॅटरीच्या मर्यादेला जाऊन थडकतो. म्हणून पहिला टप्पा दहा पट, मग स्थिर दाब अडवणारा हाय-पास फिल्टर आणि त्यानंतर उरलेले शंभर पट. कोणता टप्पा आधी आणि का, हे ज्याला सांगता येते त्याला इन्स्ट्रुमेंटेशनचा अर्धा अभ्यासक्रम आला असे मी समजतो.

एक गोष्ट मात्र कितीही घाई असली तरी पाळावी. अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना सर्किट फक्त ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालवावे, भिंतीतल्या विजेशी जोडलेला पुरवठा किंवा ऑसिलोस्कोप त्याला लावू नये, आणि लॅपटॉप जोडायचा असेल तर त्याचा चार्जर आधी काढावा. चार्जर काढताच लहर स्वच्छ होते असा अनुभव पुष्कळांना येतो, पण चार्जर काढण्याचे खरे कारण सुरक्षितता आहे. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१ या मानकात हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या भागासाठी सामान्य स्थितीत रुग्णाकडे जाणाऱ्या गळती-प्रवाहाची मर्यादा १० मायक्रोअॅम्पिअर आहे. बोटाला मुंग्या आल्यासारखे जाणवायला साधारण १ मिलिअॅम्पिअर लागतो, म्हणजे या मर्यादेच्या शंभर पट. आपल्याला काहीच जाणवले नाही, तरी तो प्रवाह रुग्णाला धोक्याचा असू शकतो.

तिसऱ्या वर्षी सिग्नल प्रोसेसिंग आले की स्वतःच्या नोंदींवर विसंबू नये. १९८० सालापासून वितरित होत असलेला एमआयटी-बीआयएच अॅरिदमिया (हृदयाचे अनियमित ठोके) डेटाबेस आता इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यात ईसीजीच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, सेकंदाला ३६० नमुन्यांनी घेतलेल्या, आणि प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण आहे. ठोके शोधणारी पॅन-टॉम्पकिन्स यांची १९८५ सालची पद्धत पायथनमध्ये स्वतः लिहावी आणि आपले उत्तर त्या खुणांशी ताडून पाहावे. तयार लायब्ररीची एक ओळ वापरून आलेल्या उत्तराने प्रकल्प पूर्ण होतो, पण विद्यार्थ्याच्या पदरात काही पडत नाही. इमेजिंग, बायोमटेरिअल्स आणि कंट्रोल हे विषय नेहमीच्या रीतीने केले तरी चालतात. इमेजिंगमध्ये निदान दोन आकडे हाताशी ठेवावेत. मऊ ऊतींमध्ये अल्ट्रासाऊंडचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात, म्हणून एक सेंटीमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सुमारे १३ मायक्रोसेकंदांत परततो. दीड टेस्ला चुंबकक्षेत्राच्या एमआरआयमध्ये हायड्रोजन सुमारे ६४ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतो.

रुग्णालयातले प्रशिक्षण हा बहुतेकांनी प्रमाणपत्रापुरता उरकलेला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे. पहिल्या उन्हाळ्यापासूनच एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागाला, महाविद्यालयाचे पत्र जोडून, लेखी अर्ज करावा. परवानगी मिळाल्यावर पहिला आठवडा काहीही उघडू नये, फक्त तक्रारवही वाचावी आणि तंत्रज्ञाच्या मागे फिरावे. माझ्या प्रशिक्षणात एकदा अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरची रेघ थरथरत होती. मी केबल तपासली, सेटिंग तपासले, शेवटी झाकण उघडायला स्क्रूड्रायव्हर काढला, तेव्हा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "अरे बाळा, आधी इलेक्ट्रोड बदल, मग मशीन उघड." इलेक्ट्रोडवरची जेल सुकली होती. नवा लावताच रेघ शांत झाली. पल्स ऑक्सिमीटरचेही असेच असते. तो ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या दोन प्रकाशांचे शोषण पाहतो, त्यामुळे बोट गार पडले असेल किंवा क्लिप नीट बसली नसेल तर आतले सर्व सर्किट उत्तम असूनही आकडा चुकतो. प्रशिक्षणात रोज एक तक्रार निवडून चार ओळी लिहाव्यात : काय सांगितले गेले, काय आढळले, काय केले, कोणाला विचारायला हवे होते. माझ्या वहीत शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा नर्सच आहे.

चौथ्या वर्षी नियमांकडे लक्ष द्यावे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे भारतात उपकरणांचे धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत, आणि कृत्रिम हृदयझडप सर्वांत वरच्या डी वर्गात येते. आपल्या प्रकल्पाचे उपकरण कोणत्या वर्गात बसेल हे अहवालात एका परिच्छेदात लिहिले तर मुलाखतीत त्यावरच पंधरा मिनिटे जातात, आणि ती तुमच्या बाजूने जातात. उज्जैनजवळ मध्य प्रदेशाचे वैद्यकीय उपकरण उद्यान उभे राहत असल्याने हे ज्ञान इथल्या विद्यार्थ्याच्या लवकरच कामी येईल. पुढे शिकायचे असेल त्यांच्यासाठी गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. लेझरची गोडी असेल त्यांनी राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राकडे प्रकल्पासाठी अर्ज करून पाहावा. ते इंदुरातच आहे आणि लेझरच्या वैद्यकीय उपयोगांवर तिथे काम होते.

प्रकल्पाचा विषय ठरवताना मार्गदर्शकांना भेटण्यापूर्वी प्रशिक्षणात रोजच्या तक्रारी लिहिलेली आपली वही घेऊन बसावे आणि जी तक्रार निदान तीनदा आली आहे तिच्यापासून सुरुवात करावी. सुकलेली जेल वेळेवर ओळखून मॉनिटरवर तशी सूचना देणारे साधे सर्किट हा विषय ऐकायला अगदीच किरकोळ वाटतो. पण त्यात इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स मोजावा लागतो, तो रुग्णाला अपाय न करणाऱ्या प्रवाहाने मोजावा लागतो आणि ईसीजीला धक्का न लावता मोजावा लागतो, म्हणजे चार वर्षांतले सगळे विषय त्याला लागतात. सहा महिन्यांचे काम त्यात सहज आहे.