पाण्याचा मीटर लागला, बिल यायचंय: सोसायटीच्या खजिनदारांसाठी

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत महापालिकेने नळजोडांवर मीटर बसवायला घेतले, त्याला आता बरीच वर्षं झाली. शहरभर मिळून तीन लाखांच्या वर मीटर बसवायचं ठरलं होतं. घरगुती पाणीपट्टी मात्र अजून मिळकतकराच्या बिलातूनच जाते, त्यामुळे गेटजवळच्या मीटरच्या खड्ड्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. झाकणावर कुंडी, कुंडीला टेकून कोणाची तरी सायकल. मी म्हणते, मीटरच्या आकड्यांची वही घालायची हीच वेळ आहे. माझा जन्म बँकेत गेला. समोरून स्टेटमेंट येतं तेव्हा आपल्याकडचं खातं आधीच लिहिलेलं असावं लागतं. आकड्यावर बिल येईल त्या दिवशी तुमच्याकडे मागच्या वर्षाचे स्वतः टिपलेले आकडे नसतील, तर वाद कशावर घालणार?

आधी मीटर ओळखा. 'स्मार्ट' म्हटलं की लोकांना वाटतं मोबाइलवर आकडा दिसेल. आपल्याकडचे हे मीटर एएमआर (ऑटोमॅटिक मीटर रीडिंग) पद्धतीचे. मीटरमधला छोटा रेडिओ आकडा पाठवतो आणि रीडिंग घेणारा माणूस हातातलं यंत्र घेऊन रस्त्यावरून जाताना तो टिपतो. त्याला झाकण उघडावं लागत नाही, गेटची बेलसुद्धा वाजवावी लागत नाही. म्हणजे रीडिंग कधी झालं हे तुम्हाला कळणारही नाही. पूर्वी रीडर यायचा, वॉचमन त्याच्यासोबत उभा राहायचा, आकडा दोघांना दिसायचा. आता आपला आकडा आपणच बघायचा.

आकडा घनमीटरमध्ये असतो. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे म्हणजे लिटर. ४८२.३१५ दिसलं तर मीटर बसल्यापासून ४ लाख ८२ हजार ३१५ लिटर पाणी आत आलं. चक्रावरच्या जुन्या मीटरवर काळे आकडे घनमीटरचे आणि लाल त्याच्या खालचे. नागपुरात 'युनिट' म्हणतात, तेही १,००० लिटरच. तिथे घरगुती बिल मीटरवरच येतं. धरमपेठेतल्या माझ्या नणंदेला आमच्या पुण्यातल्या चर्चा ऐकून हसू येतं.

मीटर अजून बसायचा असेल तर त्या दिवशी कमिटीतल्या कोणीतरी घरी थांबा. मीटरवर कोरलेला क्रमांक, सुरुवातीचा आकडा आणि बाणाची दिशा, तिन्ही एका फोटोत आले पाहिजेत. बाण सोसायटीच्या आत वळलेला हवा. जुना मीटर काढून नवा लावत असतील तर जुन्याचा शेवटचा आकडा आधी घ्या. एकदा तो टेम्पोत गेला की गेला. आणि सोसायटीला नळजोड किती आहेत हे मोजा. जुन्या इमारतींत बहुधा दोन असतात, एक बिल्डरने घेतलेला आणि एक मागाहून वाढवलेला. प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

आता मुख्य काम. आठवड्यातला एक वार ठरवा आणि ठरल्या वेळी आकडा लिहा. पाणी येण्याच्या आधीची वेळ बरी, कारण तेव्हा आकडा हलत नसतो. आमच्याकडे वॉचमन मामा फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि मी वहीत उतरवते. वहीत तारीख, आकडा, मागच्या वेळेपासूनचा फरक आणि शेरा एवढं पुरे. शेऱ्यात 'पाणी बंद होतं', 'टाकी धुतली', 'दोन घरं गावाला' असं लिहायचं. सहा महिन्यांनी फरक कशामुळे पडला हे शेऱ्यावरूनच कळतं.

टँकर आणि बोअरचं पाणी पालिकेच्या मीटरमधून येत नाही, टाकीत मात्र पडतं. त्याची नोंद त्याच वहीत, वेगळ्या रकान्यात. हे नाही केलं तर खाली दिलेली कुठलीच तपासणी जुळणार नाही.

आपला वापर ठीक आहे का, हे कसं ठरवायचं? शहरी पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय नियमावलीत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आमच्या इमारतीत २४ घरं, माणसं ८४. ८४ गुणिले १३५ म्हणजे दिवसाला ११,३४० लिटर, महिन्याला साधारण ३४० घनमीटर. तुमचा आकडा याच्या दीडपट असेल तर लगेच लोकांच्या अंघोळींवर घसरू नका. मीटर गेटवर आहे. टाकीत किती पाणी आलं एवढंच त्याला माहीत, त्यातलं वापरलं किती आणि वाया किती हे नाही. माझ्या मते पहिला संशय जमिनीखालच्या टाकीवर घ्यावा.

त्यासाठी पुणेकरांना एक दिवस आयताच मिळतो. 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' ही सूचना पेपरात आली की आपण वैतागतो. तो दिवस टाकी तपासायला उत्तम. आत पाणी येत नसतं, त्यामुळे बाहेर किती जातंय ते स्वच्छ दिसतं. गच्चीवरची टाकी रात्री भरून घ्या, मग पंप बंद, म्हणजे खरोखर बंद, त्याच्या स्विचला चिकटपट्टी. जमिनीखालच्या टाकीत सरळ काठी उभी धरून पाण्याच्या रेषेवर खूण करा. पहाटे पंप लावायच्या आधी पुन्हा बघा.

काठीवरचे सेंटिमीटर लिटरमध्ये आणायला टाकीची लांबी-रुंदी लागते. आमची टाकी ३ मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर. म्हणून पाणी एक सेंटिमीटर उतरलं तर ७५ लिटर गेलं. रात्रीत चार सेंटिमीटर म्हणजे ३०० लिटर, तेही कोणी तोटी न उघडता. असं असेल तर टाकीला भेग आहे किंवा टाकीच्या भिंतीतून पाइप जातो तिथे काहीतरी गळतंय. प्लंबरला बोलवा, पण आकडे आधी त्याच्या हातात द्या. नाहीतर तो 'सगळं बदलायला लागेल' म्हणतो.

टाकी पास झाली तर बॉल कॉक बघा, म्हणजे टाकी भरली की येणारं पाणी अडवणारा तरंगत्या चेंडूचा नळ. टाकी भरल्यावरही मीटर हळूहळू पुढे सरकत असेल तर बॉल कॉक पूर्ण बंद होत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपमधून थेट गटारात जातंय. हे कोणाला दिसत नाही, कारण तो पाइप बहुतेक ठिकाणी जमिनीखालून काढलेला असतो. मग गच्ची. पंप तासाला ५,००० लिटर चढवत असेल आणि वॉचमनला डुलकी लागली, तर अर्ध्या तासात अडीच हजार लिटर गच्चीवरून खाली. पातळी बघून आपोआप पंप बंद करणारं सर्किट बसवा, वॉचमनवर ओरडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

घरातली गळती शेवटी बघा. तिथला मोठा चोर तोटी नसून फ्लश असतो. फ्लशच्या टाकीत जिलबीचा केशरी रंग चिमूटभर घाला, अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात केशरी दिसलं तर वॉशर गेलंय.

मीटरच चुकतोय असं वाटलं तर तीच काठी कामाला येते. पाणी चालू असताना पंप बंद ठेवा, मीटरचा आकडा लिहा, टाकी १० सेंटिमीटर चढू द्या, पुन्हा आकडा लिहा. आमच्या टाकीत मीटर ०.७५० च्या आसपास पुढे गेला पाहिजे. काठीच्या मापात थोडं इकडेतिकडे होणारच. पण मीटर ०.९०० दाखवत असेल तर पुढच्या खेपेला पुन्हा मोजा. चक्रावरचा मीटर असेल तर हवेचाही विचार करा. पाणी बंद राहून पुन्हा सुटतं तेव्हा नळीतली हवा आधी बाहेर पडते आणि तीही चक्र फिरवते. म्हणून ही तपासणी पाणी आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत करायची नाही. आणि थेट लाइनवर मोटार लावणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही, माझा रक्तदाब वाढतो.

उद्या बिल मीटरवर आलं की भांडण वाटणीवर होईल, हे आजच धरून चाला. 'आम्ही दोघंच, आम्ही का भरायचं?' हे वाक्य मी आताच ऐकते आहे. घराघरात वेगळा मीटर लावावा असं सगळे सुचवतात, पण आमच्यासारख्या जुन्या इमारतीत एकेका घरात स्वयंपाकघर, बाथरूम, संडास असे तीन-चार उभे पाइप वेगवेगळे शिरतात. एका घराला तीन-चार मीटर कोण लावणार? राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचे पैसे प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार घ्यावेत असं लिहिलं आहे. माणसं मोजून किंवा सरसकट सारखे नाही. तुमच्या नोंदणीकृत उपविधींत काय आहे ते आधी वाचा, घरोघरचे नळजोड आकारासकट मोजून यादी करा आणि सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. बिल येण्याआधी ही यादी मंजूर करून घेतली तर लोक शांतपणे ऐकतात.

बिलातल्या आकड्याबद्दल तक्रार करायची वेळ आली तर क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात लेखी अर्ज द्या, फोनवर बोलून सोडून देऊ नका. अर्जात मीटर क्रमांक, बिलातला आकडा, त्याच सुमाराचा तुमच्या वहीतला आकडा आणि काठीच्या तपासणीचा निकाल लिहा. फोटोंच्या छापील प्रती, वहीच्या पानांची झेरॉक्स आणि सेक्रेटरीची सही-शिक्का सोबत जोडा. मीटरची तपासणी करून द्यावी अशी मागणी स्पष्ट शब्दांत लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.