या चुका टाळा : प्रोग्रामिंग वर्गात शिकताना आणि स्वतःचे स्वतः शिकताना

नवशिक्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासण्याचे आणि त्या नवशिक्यांना कामाला लावण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यांतले काही जण संगणकशास्त्राची पदवी घेऊन येतात, तर काही जण व्हिडिओ, पुस्तके आणि चिकाटी यांच्या जोरावर घरीच शिकलेले असतात. दोन्ही वाटांनी उत्तम प्रोग्रामर घडतात, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र प्रत्येक वाटेवर एक ठरावीक खड्डा आहे, आणि दरवर्षी नवी माणसे त्याच खड्ड्यात पडताना पाहणे आता मला सोसवत नाही.

'थिअरी काय कामाची?'

स्वतः शिकणाऱ्यांची ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवण्याच्या पद्धती), अल्गोरिदम (काम पायरी-पायरीने करण्याची कृती), प्रोग्रामला लागणाऱ्या वेळेचा हिशेब हे सगळे परीक्षेपुरते असते असे मानून ते थेट काहीतरी चालणारे बनवण्याकडे वळतात. चालणारे काहीतरी बनवावे, हे मलाही मान्य आहे. पण चालते म्हणजे किती नोंदींवर चालते, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

एका कामात आम्हाला दोन याद्या ताडून पाहायच्या होत्या : पहिल्या यादीतल्या कोणत्या नोंदी दुसरीत नाहीत, एवढेच शोधायचे होते. स्वतः शिकलेल्या एका हुशार मुलाने लूपच्या आत लूप लिहिला, म्हणजे पहिल्या यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी दुसरी यादी चाळली, २०० नोंदींच्या नमुन्यावर तपासला, आणि उत्तर क्षणात आले. संध्याकाळी त्याने तोच प्रोग्राम खऱ्या याद्यांवर सुरू केला. प्रत्येक यादीत सुमारे ५ लाख नोंदी होत्या. मध्यरात्र उलटली तरी प्रोग्राम संपला नव्हता, आणि त्या मुलाचे म्हणणे असे होते की आपल्याला अधिक वेगवान संगणक हवा. मी कागद पुढे ओढला. २०० गुणिले २०० म्हणजे ४०,००० तुलना. ५ लाख गुणिले ५ लाख म्हणजे २५,००० कोटी. सेकंदाला एक कोटी तुलना झाल्या तरी जवळजवळ सात तास लागणार होते. नोंदी अडीच हजार पटींनी वाढल्या होत्या, पण काम साडेबासष्ट लाख पटींनी वाढले होते. आम्ही दुसरी यादी आधी एका सेटमध्ये भरली. सेट आतून हॅश टेबल, म्हणजे नोंदीवरूनच तिची जागा ठरवणारी रचना, वापरतो, त्यामुळे एखादी नोंद त्यात आहे की नाही हे पाहायला संपूर्ण यादी चाळावी लागत नाही. तेच काम काही सेकंदांत झाले. तो आळशी नव्हता आणि मंदही नव्हता. ज्या प्रकरणात हे लिहिलेले असते, ते प्रकरण त्याने कंटाळवाणे म्हणून वगळले होते.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे आणि हाताखालच्या प्रत्येकाला लावतो : प्रोग्राम १,००० नोंदींवर चालवा, मग २,००० वर, मग ४,००० वर, आणि प्रत्येक वेळी लागलेला वेळ लिहून ठेवा. नोंदी दुप्पट केल्यावर वेळ चौपट होत असेल, तर पुढे जाण्याआधी थांबा.

बिल गेट्स यांनी हार्वर्ड सोडले, हे उदाहरण या वाटेवरचे लोक फार आवडीने देतात. त्याच गेट्स यांनी हार्वर्डमध्ये असताना क्रमवारीच्या एका अवघड कोड्यावर काम केले आणि १९७९ साली तिथले प्राध्यापक ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांच्यासोबत त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यांनी वर्ग सोडला, विषय सोडला नव्हता.

एरर न वाचणे

पदवीच्या वाटेवरचा खड्डा वेगळा आहे. तिथे गणित नेमके बेतून दिलेले असते, माहिती स्वच्छ असते, उत्तर एकच असते आणि गुण मिळाले की तो प्रोग्राम पुन्हा उघडावा लागत नाही. त्यामुळे अल्गोरिदमची सिद्धता फळ्यावर मांडू शकणारी व्यक्ती साध्या एररपुढे हतबल झालेली मी पाहिली आहे. अशीच एक पदवीधर मुलगी दोन तास कोडच्या ओळी पुसून पुन्हा लिहीत बसली होती. मी तिला स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला. पायथॉन या भाषेत एररची शेवटची ओळ वाचायची असते, आणि त्या ओळीत हवी असलेली फाईल सापडली नाही असे सरळ लिहिले होते. प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमधून चालवला जात होता, कोडमध्ये चूक नव्हतीच. तिला हे आधी कोणी शिकवले नव्हते, आणि तो दोष मी तिचा मानत नाही.

यावर माझा उपाय म्हणजे वही. प्रत्येक एररखाली तीन ओळी लिहायच्या : मला काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, कारण काय निघाले. ही वही सहा महिने प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या माणसाला बहुतेक एरर ओळखीच्या वाटू लागतात. 'वेळ जातो' म्हणून ती न लिहिणारे तोच वेळ त्याच एररवर पुन्हा पुन्हा घालवतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ट्युटोरियल पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. व्हिडिओ बंद करून तेच रिकाम्या फाईलमध्ये लिहिता आले, तरच ते शिकलो असे धरावे.

दर महिन्याला भाषा बदलू नये. पहिल्या भाषेत निदान एक प्रोग्राम असा लिहावा, जो दुसरे कोणीतरी रोज वापरते.

पैशांचा हिशेब फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात, ठेवू नये. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांमध्ये ०.३०००००००००००००००४ येते, कारण ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका मांडताच येत नाही. रक्कम सर्वांत लहान चलनी एककात पूर्णांक म्हणून साठवावी.

'फायनल', 'फायनल २', 'खरे फायनल' अशा नावांच्या फाईल ठेवू नयेत. गिट हे फाईलच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारे साधन २००५ पासून उपलब्ध आहे आणि विनामूल्य आहे. पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावे.

एआय साधनाने दिलेला कोड जसाच्या तसा चिकटवण्याबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागते. त्यातली प्रत्येक ओळ तुम्हाला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येत नसेल, तर तो कोड मी स्वीकारत नाही, मग तो बरोबर चालत असला तरी. तो बिघडेल त्या दिवशी दुरुस्त करायला तुम्हीच असणार आहात.

आणि शेवटी, मदत मागताना 'चालत नाही' एवढेच लिहू नये. वर्गात शिक्षक समोर असतात, ते उलट प्रश्न विचारून माहिती काढून घेतात. एकट्याने शिकणाऱ्याला ते प्रश्न स्वतःलाच विचारावे लागतात. एररचा पूर्ण मजकूर, ती आणणारा सर्वांत छोटा कोड आणि आतापर्यंत काय करून पाहिले, एवढे लिहून काढावे. मी स्वतः आजही असा प्रश्न लिहायला बसतो, आणि अनेकदा तो लिहून होण्याआधीच चूक सापडते व तो कोणाला पाठवण्याची गरज उरत नाही.