अमेरिकेत प्री-के, किंडरगार्टनसाठी खासगी शाळेत अर्ज करताय? या चुका टाळा

चार वर्षांच्या मुलाकडून शंभरपर्यंत आकडे, सगळी अक्षरं आणि "माय नेम इज..." घोटून घेण्यात अख्खा फॉल (सप्टेंबर ते नोव्हेंबर) घालवणारे आईबाबा आपल्या मराठी मंडळात शोधावे लागत नाहीत. शाळांना त्यात फारसा रस नसतो. अर्ज अडतात ते मोठ्यांच्या वाट्याच्या कामांत : तारखा, कागद आणि वेळेवर न विचारलेले प्रश्न. तेव्हा मुलाला खेळू द्या आणि आधी आपली बाजू तपासा.

तारखांचा घोळ

पुढच्या वर्षी किंडरगार्टनमध्ये (पहिलीच्या आधीचा, साधारण पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग) किंवा प्री-केत (त्याच्याही आधीचा, साधारण चार वर्षांच्यांचा) जायचं असेल तर अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात. बहुतेक शाळांची मुदत नोव्हेंबर ते जानेवारीच्या मध्ये कुठेतरी संपते आणि निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात. "मूल चार वर्षांचं झालं की बघू" म्हणणारे इथेच मागे पडतात. मुदत गेल्यावर तुम्ही बदली होऊन आला असाल तर हातपाय गाळू नका. काही शाळा जागा असेपर्यंत अर्ज घेत राहतात. पण ते वेबसाइटवर शोधत बसण्यापेक्षा सरळ अ‍ॅडमिशन ऑफिसला फोन करा.

वयाची अट शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पाच पूर्ण करणाऱ्या मुलाला किंडरगार्टनमध्ये घेतात. त्याच शहरातल्या बऱ्याच खासगी शाळा मात्र १ सप्टेंबरच्या आसपासची रेघ धरतात. शिवाय जून ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, "अजून एक वर्ष थांबा" असं सुचवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. असं मूल असेल तर शाळेला सुरुवातीलाच विचारा : याला तुम्ही प्री-केत बघाल की किंडरगार्टनमध्ये? चुकीच्या वर्गासाठी केलेला अर्ज म्हणजे फी आणि सीझन दोन्ही पाण्यात.

आणि एक बारीकशी, पण आपल्याकडूनच होणारी चूक. आपण ३ ऑगस्ट हे ०३/०८ असं लिहितो. इथे ते ८ मार्च वाचलं जातं. फॉर्म पाठवण्याआधी जन्मतारीख पासपोर्टशेजारी ठेवून एकदा वाचा.

मोकळ्या जागा न विचारणं

शाळेच्या पत्रकात किंडरगार्टनच्या दोन तुकड्या दिसतात आणि आपण मनात चाळीस जागा मोजतो. ज्या शाळेचं स्वतःचं प्री-के आहे, तिथली बहुतेक मुलं तशीच वर जातात. उरलेल्यातून आधी भावंडं, मग शिक्षकांची मुलं. बाहेरच्यांसाठी कधी कधी बोटांवर मोजण्याइतक्या जागा उरतात. ओपन हाउसला जिम आणि लायब्ररी बघून भारावून जाण्याआधी हा एक प्रश्न विचारा : यंदा बाहेरून किती मुलं घेणार? त्यात अवघडण्यासारखं काही नाही, शाळांना याची सवय असते. उत्तर ऐकून यादी बदला. चार नावाजलेल्या शाळा आणि बाकी काही नाही, ही यादी धोक्याची. जवळची, कमी गाजलेली एखादी हवीच.

माँटेसोरी शाळांचा हिशेब वेगळा आहे. तिथे तीन ते सहा वयाचा वर्ग एकत्र चालतो आणि किंडरगार्टन हे त्या तीन वर्षांचं शेवटचं वर्ष असतं. त्यामुळे तीन वर्षांचं असताना घेतलेलं मूल त्यांना बरं वाटतं, पाच वर्षांच्या नवख्या मुलाला जागा कमी. नावावर मात्र जाऊ नका. "माँटेसोरी" हे नाव अमेरिकेत कुणीही पाटीवर लावू शकतं. एएमआय किंवा एएमएस या माँटेसोरी संस्थांशी शाळा जोडलेली आहे का आणि शिक्षकांचं प्रशिक्षण कुठे झालंय, ते विचारा.

शिफारसपत्र : मूल आजीकडे वाढलंय, मग लिहिणार कोण?

बहुतेक अर्जांत आत्ताच्या शिक्षिकेचं शिफारसपत्र लागतं. ते गोपनीय असतं. रॅव्हेनासारख्या अर्ज भरायच्या पोर्टलवरून शिक्षिकेला थेट लिंक जाते आणि तुम्हाला ते वाचता येत नाही. इथे दोन चुका होतात. एक, डिसेंबरच्या सुट्ट्या तोंडावर आल्यावर शिक्षिकेला विनंती करणं. तिच्याकडे तेव्हा अशी डझनभर पत्रं पडलेली असतात. दुसरी, लिंक गेली म्हणजे पत्र पोचलं असं धरून चालणं. पोर्टलवर त्या ओळीपुढे टिक आली का ते स्वतः बघा. नसेल तर शिक्षिकेला तिच्या स्पॅम फोल्डरची गोड आठवण करून द्या.

आपल्या घरांत खरी अडचण निराळी असते. आजी-आजोबा सहा-सहा महिने आळीपाळीने येऊन राहतात, मूल डे केअरचं तोंड बघत नाही, आणि अर्जातला "करंट टीचर" हा रकाना रिकामा राहतो. तो रिकामा सोडू नका आणि ओळखीच्या काकूंचं नावही घालू नका. अ‍ॅडमिशन ऑफिसला लिहा, की मूल घरीच आहे, पत्र कुणाचं चालेल? पोहण्याची किंवा संगीताची शिक्षिका, रविवारच्या मराठी शाळेतली ताई, लायब्ररीतल्या गोष्टींच्या तासाच्या बाई. मुलाला इतर मुलांमध्ये पाहिलेलं कुणीतरी बहुधा चालतं.

प्लेडेटची "तयारी"

मुलाला भेटायला बोलावतात त्याला शाळा प्लेडेट म्हणतात. तिथे ठोकळे, चित्रं, गोष्ट, थोडा खाऊ. बघतात ते हे : मूल आईपासून किती वेळात सुटं होतं, दुसऱ्याने गाडी ओढून घेतली तर काय करतं, "आता आवरूया" म्हटल्यावर ऐकतं का. उत्तरं पाठ करून गेलेलं मूल कुणी न विचारताच ए टू झेड म्हणायला लागतं आणि शेजारी बसलेल्या मुलाकडे बघतही नाही. शिक्षिकांना हे लगेच कळतं.

मराठीत बोलणाऱ्या मुलाचं काय, ही धास्ती खूप जणांना असते. अर्जात घरची भाषा मराठी लिहा, लपवू नका. नाहीतर "पाणी हवं" म्हणून गप्प उभं राहिलेलं मूल त्यांना बुजरं किंवा उशिरा बोलायला लागलेलं वाटू शकतं. पाणी, शू, "मला मदत हवी" एवढं इंग्रजीत सांगता आलं तरी त्या तासापुरतं भागतं. प्री-केसाठी आणखी एक गोष्ट पक्की करा. बऱ्याच शाळांची अट असते की मूल डायपरमधून पूर्ण बाहेर आलेलं हवं, आणि जीन्सचं घट्ट बटण त्या दिवशी उगाच घात करतं. इलॅस्टिकची पँट घाला.

मूल दारातच रडलं तर? नेहमीचंच आहे, शिक्षिका त्याला सामावून घेतात. आत जाऊन त्याच्या कानात उत्तरं सांगू नका. ताप असेल तर मात्र औषध पाजून नेऊ नका, फोन करून दुसरी तारीख मागा. बहुतेक शाळा देतात.

स्पीच थेरपी किंवा दुसरी काही मदत चालू असेल तर ती झाकण्याचा मोह होतो. झाकू नका. सरकारी शाळेवर विशेष शिक्षणाची जी कायदेशीर जबाबदारी असते ती खासगी शाळेवर तशीच नसते. त्यामुळे "तुमच्याकडे याची सोय आहे का?" हे प्रवेशाआधीच कळणं तुमच्याच फायद्याचं.

भारतातलं लसीचं कार्ड

मूल भारतात जन्मलं असेल तर हे ऑगस्टपर्यंत टाळू नका. इथे एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला) डोस पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात; आपल्याकडचा नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचा डोस त्यात मोजला जात नाही, शिवाय त्यात गालगुंडाची लस नसते. कांजिण्यांची लस भारतातल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे मात्र ती लागते. कॅलिफोर्निया (२०१६ पासून) आणि न्यूयॉर्क (२०१९ पासून) या राज्यांत वैयक्तिक किंवा धार्मिक कारणाची सूट बंद आहे, खासगी शाळांनाही. बालरोगतज्ज्ञांकडे कार्ड नेऊन नोंदी इथल्या फॉर्मवर उतरवून घ्या.

पैसे आणि करार

आर्थिक मदतीचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगळा असतो, क्लॅरिटीसारख्या वेगळ्या पोर्टलवर, वेगळ्या मुदतीत. "आधी प्रवेश मिळू दे, मग मागू" असं केलं की त्या वर्षीचा निधी वाटून झालेला असतो. आपल्याला काही मिळणार नाही हे स्वतःच ठरवून टाकणारेही खूप. भारतातल्या डोनेशनचा हिशेब इथे लावू नका. अ‍ॅन्युअल फंडाची (शाळा पालकांकडे दरवर्षी मागते त्या देणगीची) मागणी प्रवेशानंतर येते आणि ती ऐच्छिक असते.

कराचे नियम दोन इयत्तांना दोन प्रकारचे आहेत. प्री-केची फी मुलाची देखभाल म्हणून डिपेंडंट केअर एफएसएमध्ये (नोकरीतून मिळणारं, देखभालीच्या खर्चासाठीचं करमुक्त खातं) बसते, किंडरगार्टनची बसत नाही. शाळेनंतरच्या डे केअरची बसते. ५२९ खात्याचं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) उलट : किंडरगार्टनपासून पुढची फी २०१८ पासून चालते, प्री-केची नाही. वर्षाची १०,००० डॉलरची मर्यादा २०२६ पासून २०,००० झाली आहे, पण कॅलिफोर्नियासारखी राज्यं आपल्या करासाठी ही सवलत मानत नाहीत.

सगळ्यात महाग चूक मात्र करार न वाचता सही करणं. बहुतेक करारांत एक तारीख असते. ती उलटली की मूल एक दिवसही शाळेत गेलं नाही तरी वर्षाची पूर्ण फी देणं लागतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी हे दोनदा वाचावं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि दुसऱ्या राज्यात जावं लागलं तरी करार मागे राहतो. बदली किंवा व्हिसाच्या कारणाने सूट आहे का, फीचा विमा घेता येतो का आणि तो कुठल्या कारणांना लागू आहे, हे सहीआधी ईमेलवर विचारा. तोंडी आश्वासन पुरत नाही.

वेटलिस्टवर नाव आलं तर

गप्प बसू नका आणि रोज फोनही करू नका. यादीत राहायचं आहे हे लगेच कळवा, एक छोटं पत्र लिहा. "तुमचीच शाळा आमची पहिली पसंती" हे वाक्य एकाच शाळेला लिहा. एका भागातल्या अ‍ॅडमिशनवाल्यांची आपसात ओळख असते. यादी हलते ती इतर पालकांच्या डिपॉझिटची तारीख गेल्यावर, कधी कधी थेट ऑगस्टमध्येही. तोवर जवळच्या सरकारी किंडरगार्टनमध्ये नाव नोंदवून ठेवा. ते फुकट आहे, आणि खासगीत जागा मिळाली तर तिथे कळवून नाव काढून घेता येतं.