जिल्हा परिषद शाळेत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी विशेष वर्ग काढताना

कोकणात अशा वर्गासाठी खोली शोधत हिंडावे लागत नाही. पट घसरल्यामुळे बहुतेक वाड्यांच्या शाळांत एखादी खोली मोडक्या बाकांनी भरून पडलेली असते. अडते ते माणसांपाशी. म्हणून प्रत्येक शाळेत वर्ग काढायच्या फंदात न पडता केंद्रातली, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली, एकच शाळा निवडा. ती एसटीच्या थांब्याजवळची असावी आणि तिथे निदान तीन शिक्षक असावेत. वर्गात पाच-सहापेक्षा जास्त मुले घेऊ नका. तेवढ्यांनाही एक शिक्षक आणि एक मदतनीस लागतोच.

कागदपत्रांत पहिली गोष्ट हजेरीपटाची. मुलाचे नाव वयानुसार येणाऱ्या नेहमीच्या वर्गाच्या पटावरच राहिले पाहिजे. विशेष वर्ग ही दिवसातले काही तास बसायची जागा. वेगळा पट केला की ते मूल बाकीच्या शिक्षकांचे राहत नाही, आणि दोन वर्षांत त्या खोलीचा कोंडवाडा होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या 21 प्रकारांत स्वमग्नता स्वतंत्रपणे मोजलेली आहे. कलम 31 नुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यू-डायस प्लसमध्ये (शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत) नोंद करताना सवयीने ‘बौद्धिक अक्षमता’ निवडली जाते, ते टाळा. नोंद चुकली की मदतही चुकीची येते. मग शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुलांची यादी आणि प्रत्येकाचे घरापासूनचे अंतर जोडून गटसाधन केंद्राकडे (तालुक्याच्या शिक्षण विभागाचे मदत केंद्र) समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून विशेष शिक्षक, वाहतूक भत्ता आणि मदतनीस भत्ता मागा. विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी पाहून घ्या. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी, याला महिने जातात. तोवर प्रवेश अडवून ठेवू नका.

खोली निवडताना आधी छप्पर बघा. पत्र्यावर जुलैचा पाऊस कोसळायला लागला की शिक्षकाचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही; आवाजाला हळवे असलेले मूल अशा वेळी कान दाबून टेबलाखाली जाते आणि त्याला हट्टी म्हटले जाते. स्लॅबची किंवा कौलांची खोली घ्या. पत्र्याचीच मिळाली तर खाली सीलिंग मारून घ्या आणि कान झाकणारे दोन-तीन इअरमफ ठेवा. खिचडी शिजते तिथून ही खोली लांब हवी, कारण कुकरची शिट्टी आणि फोडणीचा वास दोन्ही त्रासाचे. लुकलुकणारी ट्यूब बदला, खडखडणारा पंखा दुरुस्त करा. हे काम मे महिन्यातच उरकलेले बरे.

वीस बाय वीस फुटांच्या खोलीत कपाटे आडवी लावून भाग पाडता येतात. एकेकट्याने काम करायची टेबले मोकळ्या भिंतीकडे तोंड करून लावा; समोर तक्ते, सुविचार, झिरमिळ्या काही नको. (भिंती रंगवून सजवायचा आग्रह पाहुण्यांसाठी असतो, मुलांसाठी नाही.) मधे चटईवर एकत्र बसायची जागा करा. एका कोपऱ्यात पडदा लावून गादी टाका. इथे मूल शांत व्हायला जाते. शिक्षा म्हणून तिथे कधीही पाठवू नका, नाहीतर ते पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही.

पाण्याची काळजी सगळ्यांत आधी. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि ती न सांगता निघून जातात. शाळेच्या आसपास विहीर, व्हाळ (ओढा), बागेतले तळे, खाडी यांतले काहीतरी असतेच. विहिरीवर लोखंडी जाळी बसवा, फाटकाची कडी मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर घ्या. मूल दिसेनासे झाले तर एकाने थेट पाण्याकडेच धावायचे, बाकीच्यांनी वर्ग शोधायचे, हे आधीच वाटून ठेवा.

दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवा. इंटरनेटवरची चित्रे नकोत. आपल्याच शाळेचा नळ, ताट, झोपाळा यांचे मोबाईलवर फोटो काढून तीन इंचांची कार्डे करा. सुरुवातीला दोनच: ‘आधी’ काम, ‘मग’ आवडीची गोष्ट. ते जमले की कार्डे वाढवा आणि संपलेले कार्ड ‘झाले’च्या डब्यात टाकायला लावा. लॅमिनेशन करताना कडेला पाच मिलिमीटर प्लास्टिक मोकळे सोडा. फोटोच्या कडेला लागून कापले की दमट हवा आत शिरून कार्ड बुरसते. वेल्क्रोचा गोंदही पावसात सुटतो, त्यापेक्षा सुंभाची दोरी आणि कपड्यांचे चिमटे टिकतात. घरी मालवणी बोलत असतील तर कार्ड दाखवताना तुम्हीही तेच शब्द वापरा.

पहिले दोन आठवडे मुलाला तासभरच बोलवा, तेही परिपाठ संपल्यावर. घंटा, प्रार्थना आणि रांगेतली धक्काबुक्की यांतून दिवस सुरू झाला तर पुढचा तास हातातून गेलाच समजा. काम पाच-सात मिनिटांचे द्या. टेबलाच्या डावीकडे करायच्या कामाचे तीन डबे, उजवीकडे संपलेल्याचा एक. किती उरले ते मुलाला दिसते. नेहमीच्या वर्गात पाठवायला आवडीच्या विषयापासून सुरुवात करा, मदतनिसासोबत पंधरा-वीस मिनिटे. खेळाचा तास पहिला निवडतात, पण गोंगाट आणि न ठरलेले नियम यांमुळे तोच सगळ्यांत अवघड पडतो.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरते, शिमग्यात पालखी आणि ढोल दारात येतात. सुट्टीनंतर बसलेली घडी मोडलेली असते. परतल्यावर तीन-चार दिवस पुन्हा अर्धा वेळच ठेवा. फिरते विशेष शिक्षक रोज येत नाहीत, म्हणून वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची एक प्रत वर्गशिक्षकाच्या टेबलात हवी. त्यात तिमाहीला तीनच उद्दिष्टे, मोजता येतील अशी: ‘तहान लागल्यावर पाण्याचे कार्ड स्वतः आणून देतो, पाचपैकी चार वेळा.’

बदल्यांचे आदेश यायच्या आधी प्रत्येक मुलामागे एक पान लिहून मुख्याध्यापकांकडे द्या. मूल कशाने भडकते, कशाने शांत होते, काय खात नाही, शू लागल्याचे कसे कळवते आणि फाटकाबाहेर पडलेच तर कुठल्या दिशेला जाते, एवढे त्यात असले पाहिजे.