मिस्साही चुकू नये, सेवाही राहू नये

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मग्रामात, आजाऱ्यांच्या भेटींची यादी मी सांभाळते. नवीन येणाऱ्यांना सांगते, आधी मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, वेळ पक्की करा, मग बाकीचं. रविवारची मिस्सा बंधनकारक; पण त्या दिवशी कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर शनिवार संध्याकाळची मिस्सा चालते; 1983 च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात, 1248 व्या कलमात तसं आहेच. आजाऱ्याजवळून उठताच येत नसेल, तर घरी थांबणं पाप नाही.

ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, आजाऱ्याकडे घेऊन जायला रीतसर नेमणूक लागते. ते ठेवलेली डबी गळ्यातल्या पिशवीत ठेवायची आणि थेट त्या घरी जायचं. वाटेत खरेदी नाही, गप्पा नाहीत. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती. आजाऱ्याने किंवा त्याची शुश्रूषा करणाऱ्याने नुकतंच खाल्लं असलं तरी चालतं. ख्रिस्तशरीर घेण्याआधीच्या तासाभराच्या उपासातून त्यांना सूट आहे. प्रार्थना संपली की लगेच चपला घालू नका. औषधं आहेत का, बघा. उशापायथ्याशी राबणाऱ्या सुनेशीही बोला, तिची चौकशी सहसा कुणी करत नाही.

क्वायर (गायनवृंद), मिस्सातलं वाचन, गरिबांना मदत करणारी विन्सेंट द पॉल सोसायटी, सगळीकडे नाव देऊ नका. एक काम वेदीजवळचं, एक बाहेरचं, पुरे. मिस्सा चालू असताना मागे उभं राहून सेवेच्या कामाचा हिशेब करणारे मला तरी पटत नाहीत.